खिशात मावणारे पिस्तूल

शस्त्रांच्या इतिहासात मानाचे पान असते ते दिसणाऱ्या शस्त्रांना. तलवार कमरेला लटकते, भाला खांद्यावरून चमकतो, तोफ तर बुरुजावर चढून बसते आणि तिला नावही ठेवले जाते. आपल्याजवळ शस्त्र आहे हे दुसऱ्याला दिसावे, आणि दिसताच त्याने मागे सरावे, हा असे शस्त्र बाळगण्यातला अर्धा हेतू असतो. ह्याच्या उलट काही शस्त्रे मुळी दिसू नयेत म्हणूनच घडविली गेली. बिचवा आणि वाघनखे ही त्यांपैकीच. परंतु ती चालवावयाची तर शत्रूच्या मिठीत शिरावे लागे. धोका दोघांनाही सारखाच असे. लपविता येणे आणि दुरून मारता येणे हे दोन गुण ज्या दिवशी एकाच शस्त्रात एकवटले, त्या दिवशी खिशातल्या पिस्तुलाचा जन्म झाला.

ह्या पिस्तुलाकडून माणसाने नेहमी तीन गोष्टींची अपेक्षा केली. ते लहान असावे, स्वस्त असावे आणि वेळेला दगा न देणारे असावे. तिन्ही मागण्या ऐकावयास साध्या वाटतात. पण त्यांचे आपसात पटत नाही. लहान करावे तर जोर कमी होतो, स्वस्त करावे तर भरवसा जातो, आणि भरवशाचे करावे तर किंमत चढते. गेल्या पाचशे वर्षांत कारागीर, कारखानदार, कायदे करणारे आणि विकत घेणारे ह्या सर्वांनी हे त्रांगडे आपापल्या परीने सोडविण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नांची ही हकीकत आहे.

सुरुवातीच्या बंदुका लपविण्याजोग्या नव्हत्याच. तोड्याच्या बंदुकीला पेटती वात जवळ बाळगावी लागे. ठिणगी, धूर आणि जळक्या दोरीचा वास ह्या तिन्हींनी बंदूकवाला दुरूनच ओळखू येई. असे शस्त्र अंगरख्याखाली घेणे म्हणजे अंगरखाच पेटविणे. सोळाव्या शतकाच्या आरंभी युरोपात दाते असलेले एक पोलादी चाक निघाले. किल्लीने त्याची कमान ताणून ठेवावयाची; चाप ओढताच चाक गरकन फिरे, वर टेकविलेल्या खनिजाच्या तुकड्यातून ठिणग्या उडत आणि दारू पेट घेई. आता वात नको, विस्तव नको. दारू ठासून, कमान ताणून, शस्त्र तासन् तास झग्याखाली ठेवता येऊ लागले.

राज्यकर्त्यांना ह्यातला धोका तत्काळ उमगला. १५१७-१८ च्या सुमारास सम्राट पहिला मॅक्सिमिलियन ह्याने असल्या आपोआप पेटणाऱ्या हत्यारांवर बंदी घातली. इंग्लंडात १५७९ साली पहिल्या एलिझाबेथच्या सरकारने जाहीरनामा काढला, त्यात खिशात लपविता येणाऱ्या पिस्तुलांचा रोष धरून उल्लेख आहे. ही भीती अनाठायी नव्हती. १० जुलै १५८४ रोजी डेल्फ्ट येथील राहत्या वाड्यात डच स्वातंत्र्याचा पुढारी विल्यम ऑफ ऑरेंज जेवणाच्या दालनातून बाहेर पडत असता बाल्थाझार जेरार ह्याने त्याच्यावर जवळून गोळ्या झाडल्या. फाटक्या कपड्यांची दया येऊन विल्यमने जेरारला पैसे देवविले होते, आणि त्याच पैशांत त्याने पिस्तुले विकत घेतली, असे इतिहासकार सांगतात. त्या जिन्याजवळच्या भिंतीतील गोळ्यांच्या खुणा आजही दाखविल्या जातात. एखाद्या राज्याच्या प्रमुखाचा पिस्तुलाने झालेल्या खुनाचे हे पहिल्या उदाहरणांपैकी एक होय. खिशातल्या पिस्तुलाची आणि मोठ्या माणसांच्या मृत्यूची सांगड अशी आरंभीच पडली.

तरी अडीचशे-तीनशे वर्षे हे शस्त्र श्रीमंतांचेच राहिले. चाकाचे पिस्तूल म्हणजे जवळजवळ घड्याळजीचे काम; ते महागच असावयाचे. पुढे चकमकीची पिस्तुले आली, त्यांत स्त्रियांच्या हातमोज्यांत मावतील अशी नाजूक पिस्तुलेही निघाली. परंतु पावसाळी हवेत उघडी दारू सर्द होई आणि चाप ओढूनही बार उडत नसे. हा दोष गेला तो एकोणिसाव्या शतकात, तांब्याची स्फोटक टोपी निघाल्यावर. ही टोपी बंदुकीच्या कानावर घट्ट बसे. तिला ना वारा लागे ना पाणी. आता पिस्तूल लहान करूनही त्याच्यावर विसंबता येऊ लागले.

ह्या सोयीचा सर्वांत अधिक लाभ अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या हेन्री डेरिंजर ह्या कारागिराने उठविला. त्याचा जन्म १७८६ चा. सैन्याला बंदुका पुरविणाऱ्या ह्या माणसाने मुठीत झाकून जाईल असे आखूड नळीचे, मोठ्या तोंडाचे, एकबारी पिस्तूल बनविले. एका बाराचा भरवसा तो काय, म्हणून ती बहुधा जोडीने विकली जात. माल इतका खपला की, नकला करणाऱ्यांचे पीक आले. काहींनी त्याचीच मुद्रा मारली. काहींनी तर म्हणे डेरिंजर आडनावाच्या एका शिंप्याला हाताशी धरले आणि त्याच्या नावावर पिस्तुले काढली, म्हणजे खोटेपणाचा आळ नको! हेन्री डेरिंजर न्यायालयात गेला, आणि १८६५ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात त्याच्या मुद्रेचा हक्क मान्य झाला. परंतु तोवर नाव त्याच्या हातून निसटले होते. त्यातल्या एका अक्षराचे द्वित्त होऊन ते सामान्यनाम बनले; खिशातल्या कोणत्याही आखूड पिस्तुलाला लोक ‘डेरिंजर’ म्हणू लागले.

त्याच वर्षी, १४ एप्रिल १८६५ रोजी, वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथ ह्या नटाने राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन ह्यांच्या मस्तकात मागून गोळी झाडली. हातात होते डेरिंजरचे एकबारी पिस्तूल. लांबी सहा इंचांहून कमी, वजन पाव किलोच्या आत. चार वर्षांच्या यादवी युद्धात लाखो मोठ्या बंदुकांना जे साधले नाही, ते ह्या मुठीएवढ्या वस्तूने एका क्षणात केले. १८६६ पासून रेमिंग्टन कंपनीने दोन नळ्यांचे पिस्तूल काढले, तेही लोकांनी डेरिंजरच्याच नावाने ओळखले. ते १९३५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षे, बनत राहिले आणि दीड लाखाहून अधिक खपले. त्याच्या गोळीचा वेग सेकंदाला जेमतेम सव्वाचारशे फूट होता. जोर बेताचाच, परंतु घेणाऱ्यांनी जोरापेक्षा लहानपण पसंत केले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आतापर्यंत लहानपणा आला होता आणि बराचसा भरवसाही. उणीव होती स्वस्ताईची. ती भरून निघण्यास एक कायदेशीर घटना कारण झाली. चक्रातील घरांना आरपार भोक पाडून त्यांत मागून काडतुसे भरण्याच्या युक्तीचा एकाधिकार स्मिथ आणि वेसन ह्या कंपनीच्या हाती होता. तो १८६९ साली संपला. लगेच न्यू इंग्लंडमधील डझनावारी कारखान्यांनी ओतीव लोखंडाची, लहान तोंडाची, चाप उघडा असलेली रिव्हॉल्व्हरे काढण्यास प्रारंभ केला. त्यांच्यावर कारखान्याचे नाव पुष्कळदा नसेच. असे ते एखादे भारदस्त टोपणनाव. काही डॉलरांत ती मिळत, टपालाच्या यादीवरून मागविता येत. पुढे १९४८ साली एका अभ्यासकाने ह्या जातीच्या रिव्हॉल्व्हरांना ‘आत्महत्येची खास आवृत्ती’ असे कडवट नाव दिले. ज्याच्यावर नेम धरावयाचा त्याच्याइतकाच ज्याच्या खिशात ते असे त्यालाही धोका, हा त्यातला भावार्थ.

ह्या स्वस्ताईचा पडताळा अमेरिकेच्या दोन राष्ट्राध्यक्षांच्या मृत्यूंवरून येतो. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे-स्थानकावर जेम्स गारफील्ड ह्यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या चार्ल्स गितो ह्याने उसन्या पैशांनी आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर घेतले होते. मूठ हस्तिदंती घ्यावी की लाकडी, ह्याचा त्याने दुकानात विचार केला. कारण पुढे हे शस्त्र वस्तुसंग्रहालयात ठेवले जाईल तेव्हा ते शोभून दिसावे, अशी त्याची इच्छा होती. दैवाची थट्टा अशी की, ते रिव्हॉल्व्हर पुढे गहाळ झाले. १९०१ च्या सप्टेंबरात बफेलो येथे लिऑन चोल्गोश ह्याने विल्यम मॅकिन्ले ह्यांच्यावर जे रिव्हॉल्व्हर रोखले, ते आयव्हर जॉन्सन कंपनीचे होते. चारच दिवसांपूर्वी त्याने ते साडेचार डॉलरांना घेतले होते. हाताभोवती रुमाल गुंडाळून तो राष्ट्राध्यक्षांशी हस्तांदोलन करू इच्छिणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिला. आठ दिवसांनी, १४ सप्टेंबरला, मॅकिन्ले मरण पावले.

गमतीची गोष्ट अशी की, ह्याच आयव्हर जॉन्सन कंपनीने स्वस्त पिस्तुलातला एक मोठा दोष दूर केला होता. जुन्या रिव्हॉल्व्हराचा घोडा काडतुसावर टेकलेला असे; ते हातून पडले तर बार उडे. ह्या कंपनीने घोडा आणि काडतूस ह्यांच्या मध्ये एक पोलादी पट्टी बसविली. चाप पूर्ण ओढल्याशिवाय ती वर येत नसे आणि घोड्याचा घाव काडतुसापर्यंत पोहोचत नसे. घोड्यावर हातोडा हाणा, तरी बार उडणार नाही, अशी तिची जाहिरात होती. स्वस्त वस्तूतही विचार घातला तर ती सुरक्षित होऊ शकते, हे तिने दाखविले. मात्र ज्याला माणूस मारावयाचाच आहे त्याला आवरणारी पट्टी कोणत्याही कारखान्यात बनत नाही, हेही बफेलोत दिसून आले.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ह्या शस्त्राला आजचे रूप दिले ते जॉन मोझेस ब्राउनिंग ह्याने. अमेरिकेतील यूटा प्रांताच्या ऑग्डेन गावी १८५५ साली जन्मलेल्या ह्या शोधकाने आपली पुष्कळशी पिस्तुले बेल्जममधील लिएजजवळच्या एर्स्टाल येथील ‘फाब्रिक नासिओनाल’ ह्या कारखान्याला दिली. त्याची कल्पना मुळात साधी होती. गोळी पुढे जाताना काडतुसाचे टोपण मागे रेटले जाते. तोच रेटा वापरून पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ढकलावयाचा, रिकामे टोपण बाहेर फेकावयाचे, आणि कमानीच्या बळाने पुढे येताना नवे काडतूस नळीत भरावयाचे. चक्राचा फुगवटा गेला; पिस्तूल पुस्तकासारखे चपटे झाले. परंतु ह्या रचनेत मागचा रेटा अडवितो तो केवळ त्या सरकत्या भागाचा भार आणि कमानीचा ताण. पिस्तूल हलके करावे तर काडतूसही दुबळेच घ्यावे लागते. लहानपणाची किंमत जोराने चुकवावी लागते, हा निसर्गाचा हिशेब ब्राउनिंगलाही टाळता आला नाही.

त्याने तो कबूल केला आणि भरवसा मात्र सोडला नाही. जाकिटाच्या खिशासाठी त्याने जे छोटे पिस्तूल केले, त्याच्याकरिता सव्वासहा मिलिमीटरांहून किंचित मोठ्या तोंडाचे नवे काडतूस निर्माण केले. तेवढ्याच जोराचे एक स्वस्त काडतूस बाजारात आधीच होते. पण त्यात स्फोटक मसाला टोपणाच्या काठात पसरलेला असे. तो एखाद्या जागी कमी पडला की घाव वाया जाई. ब्राउनिंगने मसाला टोपणाच्या मध्यभागी स्वतंत्र वाटीत ठेवला. किंमत थोडी वाढली. चाप ओढल्यावर बार उडेल ही खात्रीही वाढली. साडेचार इंचांचे हे पिस्तूल १९०६ च्या सुमारास एर्स्टालहून आणि १९०८ साली अमेरिकेत कोल्ट कंपनीकडून बाजारात आले. एकट्या एर्स्टालच्या कारखान्यातून ती दहा लाखांहून अधिक बाहेर पडली. फ्रेंच भाषेत ‘ब्राउनिंग’ हा शब्द पिस्तूल ह्या अर्थी रूढ झाला; डेरिंजरच्या नावाची कथा पुन्हा एकदा घडली.

ह्या ब्राउनिंग पिस्तुलाचा मागोवा घेत गेले की वाट थेट नाशिकला येते. हिंदुस्थानात १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरविले होते, आणि युरोपियनांना मात्र त्यातून मोकळे ठेवले होते. खुद्द इंग्लंडात १९०३ साली पिस्तुलांचा कायदा झाला. तो फक्त नऊ इंचांपर्यंतच्या नळीला लागू होता, आणि परवाना मिळणे तेथे फारसे अवघड नव्हते. लंडनमध्ये दुकानातून मिळणारी वस्तू मुंबईत बाळगणे म्हणजे तुरुंग, अशी ही स्थिती. क्रांतिकारकांना पिस्तूल निवडताना म्हणूनच आणखी एक कसोटी लावावी लागे. ते समुद्र ओलांडून यावयाचे होते. विनायक दामोदर सावरकर ह्यांनी लंडनहून पाठविलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले १९०९ च्या आरंभी इंडिया हाऊसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन ह्याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईस उतरली. वीस बंदुका पेटीच्या तळाशी मावल्या नसत्या. वीस चपटी पिस्तुले मावली.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. जिल्ह्याचे कलेक्टर जॅक्सन ह्यांची बदली झाली होती आणि निरोपाचा तो समारंभ होता. जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार म्हणून ओळखले जात; परंतु त्यांच्याच कारकिर्दीत बाबाराव सावरकरांना जन्मठेपेची शिक्षा झाली होती. नाट्यगृहात प्रवेश करीत असता अनंत कान्हेरे ह्या कोवळ्या तरुणाने त्यांच्यावर त्या वीसांपैकी एका पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे ह्या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पिस्तुलांचा धागा लंडनपर्यंत पोहोचला. अमीन माफीचा साक्षीदार झाला. १९१० च्या मार्चमध्ये सावरकरांना अटक झाली आणि पुढे ह्याच खुनास साहाय्य केल्याच्या आरोपावरून त्यांना जन्मठेप झाली. खिशात लपणाऱ्या शस्त्राची परिणामांची साखळी मात्र लपण्यासारखी नसते. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे गाव्रिलो प्रिन्सिप ह्याने ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडले तेही एर्स्टालचेच १९१० च्या नमुन्याचे पिस्तूल होते; आणि त्यानंतर काय झाले ते साऱ्या जगाने पाहिले. चंद्रशेखर आझाद ह्यांनी २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात अखेरपर्यंत लढविलेले कोल्ट पिस्तूल ब्राउनिंगच्याच आराखड्याचे. ते त्या शहरातील संग्रहालयात आजही पाहावयास मिळते.

महायुद्धाने स्वस्ताईचा आणखी एक धडा दिला. फ्रान्सला पिस्तुले कमी पडू लागली, तेव्हा १९१५ पासून स्पेनमधील एइबार गावच्या कारागिरांनी ब्राउनिंगच्या नकला लाखांच्या संख्येने पुरविल्या. काम घरोघर वाटले गेले. पिस्तुले दिसावयास एकसारखी होती. परंतु एका कारखान्याची काडतुसांची पेटी दुसऱ्या कारखान्याच्या पिस्तुलात बसेलच असे नव्हते. पेटीवर कारखान्याची अक्षरे कोरून ही अडचण कशीबशी निभावली. खंदकातल्या शिपायाला स्वस्त मालाची खरी किंमत अंधारात, चाचपडताना कळली असेल.

आता कायद्याची बाजू पाहिली पाहिजे. लहान आणि स्वस्त पिस्तूल आवरावे, मोठ्या आणि महागड्याला हात लावू नये, ही अमेरिकेतील जुनी चाल आहे. यादवी युद्धानंतर १८७९ साली टेनेसी राज्याने सैन्यात किंवा आरमारात वापरल्या जाणाऱ्या मोठ्या रिव्हॉल्व्हरांखेरीज इतर पिस्तुलांची विक्री बंद केली. मोठी रिव्हॉल्व्हरे महाग होती, आणि युद्धातून परतलेल्या गोऱ्या सैनिकांपाशी ती आधीच होती. बंदी पडली ती नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या निग्रोंवर आणि गरीब गोऱ्यांवर, असे अनेक अभ्यासकांनी दाखविले आहे. १९०१ साली दक्षिण कॅरोलिनाने वीस इंचांहून आखूड आणि तीन पौंडांहून हलक्या पिस्तुलांची विक्रीच निषिद्ध केली. कायद्याच्या शब्दांत लांबी आणि वजन होते. परिणामात मात्र खरेदी करणाऱ्याची ऐपत मोजली गेली. स्वस्त पिस्तूल हे गरिबाचे संरक्षण की गरिबाच्या वस्तीवरचे संकट, हा वाद तेव्हापासून चालत आलेला आहे, आणि दोन्ही पक्षांच्या पदरी पुरावा आहे.

१९६८ च्या जूनमध्ये लॉस एंजलिस येथे रॉबर्ट केनेडी ह्यांचा खून आयव्हर जॉन्सनच्याच लहान रिव्हॉल्व्हराने झाला. त्याच वर्षी अमेरिकेने परदेशी लहान पिस्तुलांच्या आयातीवर निर्बंध घातले. लांबी, उंची, वजन, सुरक्षेची साधने ह्यांना गुण द्यावयाचे. पुरेसे गुण पडले तरच माल बंदरात उतरावयाचा. ह्या परीक्षेत जर्मनीचे वाल्थर कंपनीचे नामांकित छोटे पिस्तूलदेखील नापास झाले. तेव्हा कंपनीने मोठ्या भावंडाच्या सांगाड्यावर धाकट्याचा वरचा भाग चढवून त्याला उंचीत पास करून घेतले. परंतु ही परीक्षा आयात मालाला होती, देशी मालाला नव्हती. सुट्या भागांनाही नव्हती. ३० मार्च १९८१ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन ह्यांच्यावर झाडलेले रिव्हॉल्व्हर जर्मन भागांतून फ्लॉरिडात जोडलेले होते. गहाणवट्याच्या दुकानातून ते ४७ डॉलरांना विकत घेतले होते.

आयातीने सोडलेली जागा लॉस एंजलिसच्या आसपास निघालेल्या कारखान्यांनी व्यापली. त्यांतला पहिला रेव्हन कंपनीचा, १९७० चा. पोलाद कोरण्याऐवजी हे कारखाने जस्ताची मिश्रधातू साच्यात ओतीत. ती चारशे अंशांच्या आतच वितळते, त्यामुळे काम झटपट आणि फार थोड्या खर्चात होते. पण ती मऊ असते आणि लवकर झिजते. १९९४ साली कॅलिफोर्नियात ब्रायको कंपनीच्या अशाच एका पिस्तुलातील काडतूस काढून घेण्याचा प्रयत्न चालला होता. त्या पिस्तुलाची रचना अशी की, ते रिकामे करावयाचे तर सुरक्षेचा खटका आधी उघडावा लागे. बार उडाला आणि सात वर्षांचा एक मुलगा जन्माचा पंगू झाला. २००३ साली ज्युरीने रचनेतल्या ह्या दोषासाठी कंपनीलाही जबाबदार धरले आणि कोट्यवधी डॉलरांचा दंड ऐकून कंपनीने दिवाळे काढले. पिस्तूल घेणाऱ्याने जे डॉलर वाचविले होते, ते त्या मुलाने भरले.

पोलिसांच्या जगात ह्या शस्त्राला निराळे काम मिळाले होते. कमरेचे पिस्तूल अडकले, संपले किंवा हिसकावले गेले तर हाताशी दुसरे असावे, म्हणून अमेरिकी शिपाई घोट्याला किंवा खिशात एक लहान हत्यार राखीव ठेवी. त्यासाठी स्मिथ आणि वेसन कंपनीने १९५० साली पाच बारांचे रिव्हॉल्व्हर काढले. सहावे घर गाळून चक्र बारीक केले. पण काडतूस पोलिसांच्या नेहमीच्या जोराचेच ठेवले. काडतूस फुसके निघाले तर फक्त पुन्हा चाप ओढावयाचा, हा त्याचा मोठा गुण. दोष एवढाच की, हलक्या हत्याराचा धक्का हाताला जबर बसतो आणि आखूड नळीवरून नेम धरणे कठीण जाते. नवशिक्याला सर्वांत सोपे वाटणारे हे शस्त्र चालविण्यास सर्वांत अवघड आहे, असे जाणते शिक्षक सांगत आले.

१९८७ साली फ्लॉरिडाने पात्र नागरिकाला झाकलेले शस्त्र बाळगण्याचा परवाना नाकारू नये असा कायदा केला. इतर राज्ये मागोमाग गेली आणि खिशातल्या पिस्तुलाची मागणी वाढली. १९९९ साली फ्लॉरिडाच्याच केल-टेक कंपनीने प्लास्टिकच्या मुठीचे, दोनशे ग्रॅमच्या आतले पिस्तूल काढले. त्यात नळी आणि सरकता भाग क्षणभर एकमेकांत अडकून राहतात. त्यामुळे केवळ भाराने रेटा अडविण्याची गरज उरली नाही आणि हलक्या पिस्तुलातही बऱ्यापैकी जोराचे काडतूस चालू लागले. ब्राउनिंगचा हिशेब काही अंशी बदलला. २००८ साली रुगर कंपनीनेही तसलेच पिस्तूल बेताच्या किमतीत आणले आणि ते झपाट्याने खपले. त्याच वर्षी कंपनीला विकलेला माल परत मागवावा लागला. कारण हातून पडले असता त्याचा बार उडण्याचा संभव होता. आयव्हर जॉन्सनने जो दोष शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता, तोच पुन्हा डोके वर काढीत होता. कंपनीने तो स्वखर्चाने दुरुस्त करून दिला. जस्ताच्या पिस्तुलात आणि ह्यात खरा फरक होता तो एवढाच.

भारतात ही कथा वेगळ्या वळणाने गेली. १९५९ चा शस्त्रकायदा १९६२ पासून अमलात आला आणि परवान्याची चौकट स्वतंत्र देशातही कायम राहिली. कायदेशीर लहान शस्त्र दुर्मिळ आणि महाग. म्हणून बेकायदा बाजारात गावठी कट्टा उभा राहिला. नळाच्या तुकड्यातून घडविलेला, एकबारी, कधी पुढे उडेल तर कधी धरणाऱ्याच्या हातातच फुटेल असा हा कट्टा म्हणजे अगदी स्वस्त आणि अगदी अविश्वासू पिस्तूल होय. दुसऱ्या टोकाला २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचे रिव्हॉल्व्हर आणले. दिल्लीत २०१२ साली झालेल्या अत्याचाराची ती पार्श्वभूमी होती. किंमत सव्वा लाख रुपयांच्या घरात. रात्री बसच्या थांब्यावर उभ्या राहणाऱ्या किती स्त्रियांना ते परवडणार, आणि परवडले तरी त्यांची सुरक्षितता पर्सच्या तळाशी शोधावी काय, असा सवाल तेव्हा अनेकींनी केला. त्याला समर्पक उत्तर मिळाले असे म्हणता येत नाही.

दुकानात पिस्तूल निवडणारा माणूस त्याची लांबी पाहतो, वजन पाहतो, किंमत विचारतो. ह्या तीन आकड्यांत जे लिहिलेले नसते ते इतिहासाने लिहून ठेवले आहे. डेल्फ्टच्या जिन्यावर, बफेलोच्या रांगेत, कॅलिफोर्नियातल्या एका घरात पिस्तुलाची जी किंमत चुकती झाली, ती विकत घेणाऱ्याने दिलेल्या दामाहून फार मोठी होती आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणी तरी भरली. पिस्तूल लहान करण्याची कला माणसाला साधली, स्वस्त करण्याचीही साधली. त्यासाठी कुठे काटकसर करावयाची आणि कुठे करावयाची नाही, हा विवेक मात्र प्रत्येक पिढीला नव्याने, आणि पुष्कळदा मोठा मोबदला देऊन, शिकावा लागला आहे.